छातीत दुखतं, ईसीजी नॉर्मल, तरी भीती जात नाही
ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळं नॉर्मल येऊनही रात्री छातीत जळजळलं की हार्टचंच वाटतं असं तुम्ही लिहिलंय, अगदी समजू शकतो, माझंही तेच व्हायचं. बरेचदा ही जळजळ पोटातलं अ‍ॅसिड वर अन्ननलिकेत आल्याने असते, पण अन्ननलिका आणि हृदय यांच्या नसा मेंदूकडे जवळपास एकाच वाटेने जातात त्यामुळे दुखणं नेमकं कुठलं ते कळतच नाही, त्यात टेन्शन आलं की थोडंसं अ‍ॅसिडही जास्त टोचतं आणि मग अजून टेन्शन, हे चक्र.

गोळी पँटोप्राझोलसारखी (अ‍ॅसिड कमी करणारी) असेल तर जेवणाआधी ३०-६० मिनिटं घ्या, बरेच जण जेवल्यावर घेतात आणि म्हणतात फरक नाही. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका, अ‍ॅसिड उसळतं, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. जेवण आणि झोप यात ३ तास, डाव्या कुशीवर झोपा, पलंगाची डोक्याकडची बाजू ६-८ इंच उचला (नुसत्या उशा रचून पोट दुमडतं, उलट त्रास). भीतीसाठी काउन्सेलरकडे जायला लाजू नका, मला गोळीइतकाच उपयोग त्याचा झाला. फक्त दुखणं हात-जबड्याकडे गेलं, घाम किंवा दम लागला तर अ‍ॅसिडिटी समजून घरी बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.