मदत हवी आहे: आईच्या स्मार्टवॉचवर फोन आलेला कळतो, मेसेज मात्र पोचत नाहीत

नमस्कार. ब्लूटूथ आणि अँड्रॉइडची नीट माहिती असलेल्यांनी कृपया वेळ काढून वाचावं.

आई राजापूरजवळ गावी एकटी असते, मी पुण्यात. तिला खूप कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र मानवत नाही, फोनवर बोललेलं कळत नाही, म्हणून आमचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून चालतं. अक्षर मोठं करून दिलंय. ती वाचते, उत्तरंही व्यवस्थित लिहिते. अडचण एवढीच की मेसेज आल्याचं तिला समजत नाही. म्हणून गणपतीत ब्लूटूथ कॉलिंगवालं घड्याळ घेऊन दिलं, साधारण दोन हजारांचं. मेसेज आला की मनगटावर थरथरतं. देवनागरी अक्षरंही दिसतात (स्वस्तातल्या पुष्कळ घड्याळांवर नुसते चौकोन उमटतात, ते दुकानातच तपासून घेतलं होतं).

सुरुवातीला उत्तम चाललं. हल्ली सकाळचे मेसेज पोचतात, दुपारनंतरचे नाही. तिने फोन हातात घेऊन घड्याळाचं ॲप उघडलं की जोडलं जातं, मग पुढचे मेसेज येतात. पण त्याच दुपारी मी साधा फोन लावला तर घड्याळ थरथरतं! हेच मला उमगत नाहीये. ब्लूटूथ तुटलंय म्हणावं, तर फोन कसा पोचतो?

आगरात किंवा विहिरीवर गेल्यावर तुटतं ते समजू शकतो. घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंती, फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात. पण ती आत आल्यावर आपोआप जोडलं जायला हवं ना?

फोन आणि घड्याळ बंद-चालू करून झालं, ॲप काढून पुन्हा टाकून झालं. दुकानदार म्हणतो सर्व्हिस सेंटरला पाठवा, पण त्यात काही आठवडे जातील. तितके दिवस तिच्या हातावर काही नसावं हे मला नको आहे. फोन अँड्रॉइड १३ चा. शेजारचा कॉलेजातला मुलगा सेटिंग करून द्यायला तयार आहे, त्यामुळे कुठे काय दाबायचं ते नेमकं सांगितलंत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद:

आधी फोन फडताळातून बाहेर काढायला सांगा, विशेषतः आसपास स्टीलचे डबे असतील तर. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, धातू त्या लहरी परतवतो आणि ओलसर भिंत त्या शोषून घेते. आपलं अंगही शोषतं, म्हणून पाठ फिरवली तरी फरक पडतो. मोकळ्यावर दहाएक मीटर धरा, चिऱ्याच्या दोन भिंती मध्ये आल्या की त्यातलं फार थोडं उरतं. फोन माजघरात खिडकीपाशी ठेवून पाहा.

प्रतिसाद:

जागेचा मुद्दा बरोबर आहे, पण दुखणं दुसरीकडे आहे. फोन आलेला कळतो आणि मेसेज पोचत नाही, या एकाच लक्षणावरून घड्याळ धड आहे असं मला वाटतं. एवढ्यात पाठवू नका.

कॉलिंगवाल्या घड्याळात जोडण्या दोन असतात. फोनच्या ब्लूटूथ यादीत बहुधा घड्याळाची दोन नावं दिसतील. एक जोडणी क्लासिक ब्लूटूथची, हेडफोनला असते तीच. ती अँड्रॉइड स्वतः सांभाळतं, ॲप बंद पडलं तरी टिकते. तुमचा साधा फोन तिच्यावरून जातो. दुसरी ब्लूटूथ लो एनर्जीची, २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० बरोबर आलेली, बॅटरी कमी खाणारी. मेसेज, पावलं, नाडीचे ठोके सगळं हिच्यावरून, आणि ही चालवतं घड्याळाचं ॲप. व्हॉट्सॲपचं नोटिफिकेशन तेच वाचतं आणि घड्याळाकडे धाडतं. ॲपच झोपलं तर धाडणार कोण?

आणि फोन त्याला झोपवतोच. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून डोझ नावाची सोय आहे: चार्जिंग नाही, स्क्रीन बंद, फोन हलत नाही, अशा वेळी मागे चाललेली कामं रोखायची. त्यावर बऱ्याच कंपन्यांची बॅटरी वाचवायची आपापली पद्धत वेगळीच. सकाळी आई फोन हाताळत असतील, दुपारी तो तासन्‌तास फडताळात पडून असेल. तुम्ही सांगितलेल्या वेळा याच्याशी तंतोतंत जुळतात.

मुलाला सांगा: सेटिंग्ज, ॲप्स, घड्याळाचं ॲप, बॅटरी, तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’. ‘पॉज ॲप ॲक्टिव्हिटी इफ अनयूज्ड’ बंद करा, कारण हे ॲप मुद्दाम कुणी उघडत नाही आणि महिनोन्‌महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड काढून घेऊ शकतं. शाओमीचा फोन असेल तर ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा, सॅमसंग असेल तर ‘नेव्हर स्लीपिंग’ यादीत टाका. परवानग्यांमध्ये ‘निअरबाय डिव्हायसेस’ हवीच. शेवटी नोटिफिकेशन ॲक्सेस एकदा बंद करून पुन्हा चालू करा. ॲप मारलं गेलं की हा दुवा कधीकधी तुटतो, आणि सेटिंगमध्ये मात्र चालूच दिसतो. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

एवढ्याने भागलं नाही तरच नव्याने जोडा. ॲपमधून ‘अनबाइंड’, यादीतली दोन्ही नावं ‘फरगेट’, घड्याळ रिसेट. एका बाजूला जुनी नोंद राहिली तर दुसरी बाजू जोडून घेत नाही. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, खोक्यावरच्या क्यूआर कोडवरून थेट फाइल उतरवलेली नको; बाहेरून टाकलेल्या ॲपला अँड्रॉइड १३ नोटिफिकेशन सहजी वाचू देत नाही.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. बॅटरी ‘ऑप्टिमाइज्ड’वर होती, ती बदलली, नोटिफिकेशन ॲक्सेसही बंद-चालू केला. फोन आता माजघरात खिडकीत असतो. कालपासून दुपारचे मेसेज पोचतायत. विहिरीवर अजून तुटतं, पण आत आल्यावर थोड्या वेळात आपोआप जोडलं जातं. एकच विचारतो: तुटल्याचं तिला तिथल्या तिथे कळेल अशी काही सोय असते का?

प्रतिसाद:

काही घड्याळांत असते. ॲपमध्ये घड्याळाच्या सेटिंगमध्ये ‘डिसकनेक्ट’ किंवा ‘फाइंड फोन’च्या आसपास शोधा. नसेल तर आईंना घड्याळाच्या पडद्यावरची जोडणीची खूण दाखवून ठेवा, दुपारी एकदा बघितली की झालं. आणि फोनचा मोठा अपडेट आला की बॅटरीचं सेटिंग पुन्हा तपासायला त्या मुलाला सांगून ठेवा, ते कधीकधी पूर्ववत होतं.