एमएसचं निदान झालंय, नवऱ्याशी बोलायचं कसं?

मोगरी
नुकतंच मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) निदान झालं, रिलॅप्सिंग-रिमिटिंग प्रकार, म्हणजे त्रास मधूनमधून उफाळतो आणि ओसरतो. औषध सुरू आहे. नवरा चांगला आहे, तक्रार ती नाहीच. पण तो सारखं "बरी आहेस ना?" विचारतो, मी "हो" म्हणते, विषय संपतो. थकवा प्रचंड असतो, पण दिसायला मी धडधाकट! रोज काय रडगाणं गायचं, असं वाटतं. त्यात परवा त्याने मला न विचारता सासूबाईंना सांगून टाकलं. भयंकर चिडलेय. कुठून सुरुवात करू?

कुंपण
माझ्या बायकोला एमएस आहे. "बरी आहेस ना" हा प्रश्न आम्ही बंदच केला, त्याला दुसरं उत्तर देताच येत नाही. सकाळी ती फक्त आकडा सांगते: ० ते १०, आज अंगात किती जोर आहे. ४च्या खाली असेल तर कोणती कामं माझ्याकडे, ते आधीच ठरलेलं. विनवण्या नाहीत, उपकार नाहीत.
आणि महत्त्वाचं बोलणं रात्री नको. दिवस कलला की थकवा वाढतो, तिला शब्दच सापडत नाहीत. मला ते अबोला धरल्यासारखं वाटायचं.

शेवंता७
+१. शिवाय न्यूरॉलॉजिस्टकडे दोघं मिळून जा. उष्णतेने एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. श्रमानंतर रुग्णांना तात्पुरतं अंधुक दिसतं, हे उथॉफ नावाच्या डॉक्टरने १८९० मध्येच नोंदवलंय. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर अंधुक दिसलं, तर गार झाल्यावर सहसा निवळतं. नवीन त्रास ताप किंवा संसर्ग नसताना २४ तासांहून जास्त टिकला, तर रिलॅप्सची, म्हणजे आजार पुन्हा उफाळल्याची, शंका घेतात. तेव्हा डॉक्टरांना फोन करायचाच. हे तुमच्या नवऱ्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. तुम्ही सांगाल तर त्याला वाटणार, ही लपवतेय.

मोगरी
अगदी असंच होतं! आणि सासूबाईंचं काय करू?

कुंपण
ते वेगळं काढून बोला, आकड्यात मिसळू नका. आजार तुमचा, कोणाला सांगायचं ते तुम्ही ठरवणार, हे स्पष्ट सांगा. पण त्यालाही कुणीतरी लागेल हो. मलाही धास्ती होती, बायकोसमोर काढता येत नव्हती. आम्ही माझा एक मित्र ठरवून घेतला, त्याच्याशी मी काहीही बोलू शकतो.

मोगरी
मित्राचं पटलं. आज संध्याकाळी... नको, उद्या सकाळी बोलते :)

शेवंता७
आकडे वहीत टिपून ठेवा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाही दाखवता येतील.