मदत हवी आहे: हिरा दुकानात लखलखतो, बाहेर मधोमध काळा

घाईतला_नवरदेव: साखरपुडा तोंडावर आलाय. दोन हिरे बाजूला काढून ठेवलेत, एक १.०१ कॅरेट, दुसरा ०.९०, किंमत जवळपास सारखीच. मोठा दुकानात जाम चमकतो पण दाराशी आणून बघितला तर मधोमध काळा वाटतो. सर्टिफिकेट जीआयएचं (हिरे तपासणारी अमेरिकन संस्था), व्हीएस१, एक्सलंटही लिहिलंय. उद्या ॲडव्हान्स द्यायचाय, कुठला घेऊ पटकन सांगा.

खडीसाखर: व्हीएस१ म्हणजे आतले डाग किती ते, चमक कटवर, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यावर असते. डेप्थ, म्हणजे रुंदीच्या मानाने खोली, किती टक्के? दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचेचा खडापण चमकतो हो.

पुणेरी_पगडी: लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला हिरा घ्या. त्याच पैशात दोन कॅरेटच्या वर येईल.

आबा_नाशिक: आणि मोडायला गेलात की कोण घेतंय ते कळेल! त्यापेक्षा सोन्याचं वेढणं करा.

घाईतला_नवरदेव: आबा, सोन्याचं विचारलंच नाहीये. डेप्थ ६८.

खडीसाखर: ६८?? हिरा कसा कापला की जास्त चमकेल याचं गणित टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये मांडलं, त्यात डेप्थ ५९.३ टक्के येते. पोट फार खोल असलं की उजेड वर परत यायच्या ऐवजी खालून गळतो, मधे काळं दिसतं आणि वजन सगळं पोटात, वरून हिरा लहानच. एक कॅरेट नीट कापलेला असेल तर साधारण साडेसहा मिमी भरतो. मापं टाका.

घाईतला_नवरदेव: ७.५५ × ५.५८ × ३.७९

खडीसाखर: अहो हा ओव्हल, म्हणजे लंबगोल आहे!! टोल्कोव्स्कीचं गणित गोल हिऱ्याचं. जीआयएच्या नेहमीच्या सर्टिफिकेटवर कट ग्रेड फक्त गोल ब्रिलियंटला असते, तीपण २००६ पासून. तुमचं एक्सलंट पॉलिशचं (पृष्ठभाग किती गुळगुळीत) नाहीतर सिमेट्रीचं (पैलू किती सारखे) असणार.

सुरती_मावशी: ओव्हलला मधे आडवा काळा पट्टा थोडाफार असतोच, बो-टाय म्हणतात. टक्के बघून ओव्हल घेऊ नये, डोळ्यांनी बघावा. खिडकीशी सावलीत धरून हलवा, पट्टा हलता हलता उजळला तर ठीक, तसाच बसून राहिला तर सोडून द्या.

खडीसाखर: मावशी, टक्के अगदीच सोडून कसं चालेल, ६८ ओव्हललासुद्धा जास्तच.

मीनल_ठाणे: माझी जुनी अंगठी पण मंद दिसतेय, कट खराब असेल का?

सुरती_मावशी: हँडक्रीम लावता ना? हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश.

घाईतला_नवरदेव: माझं राहिलंच. ०.९० वाला गोल आहे, कट एक्सलंट, ६.२ मिमी.

खडीसाखर: हे आधी सांगायचं की! तोच घ्या.

घाईतला_नवरदेव: पण तिला ओव्हलच हवाय.

सुरती_मावशी: मग ॲडव्हान्स थांबवा आणि अजून दोन-तीन ओव्हल मागवायला सांगा. तिलाही घेऊन जा.