अवकाशमोहीम दूरचित्रवाणीवर पाहताना खरे ‘थेट’ काय असते?

दादरकर (प्रश्न):
२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे अवतरण पाहण्यासाठी आमच्या सोसायटीच्या कार्यालयात बरीच मंडळी जमली होती. एका वृत्तवाहिनीवर यान उतरताना दिसत होते, दुसऱ्या वाहिनीवर तेच यान निराळ्या कोनातून आणि निराळ्या वेगाने उतरत होते, आणि ‘थेट’ ही पट्टी मात्र दोन्हीकडे होती. हे चित्रण करणारा कॅमेरा कोठे बसवला आहे, असे मुले विचारत होती. पुढच्या मोहिमेच्या वेळी नेमके कशाकडे पाहावे, हे जाणकारांनी सांगावे.

चेंबूरचा वाचक:
ती दोन्ही दृश्ये संगणकावर तयार केलेली होती. उतरणाऱ्या यानाला बाहेरून टिपणारा कॅमेरा तेथे नव्हताच, आणि लँडरच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने उतरताना घेतलेली चित्रफीत इस्रोने दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केली. त्या संध्याकाळी खरोखर थेट होते ते बंगळुरूच्या नियंत्रण कक्षातील पडद्यांवरचे आकडे: उंची, आडवा वेग आणि उभा वेग. चंद्रावरून संदेश यायला साधारण सव्वा सेकंद लागतो, त्यामुळे ते आकडे जवळजवळ त्याच क्षणाचे असतात.

त्यांतही आडव्या वेगावर नजर ठेवावी. सुमारे ३० किलोमीटर उंचीवर अवतरण सुरू झाले, तेव्हा हा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटरच्या आसपास होता. ‘रफ ब्रेकिंग’ या पहिल्या टप्प्याची साडेअकरा मिनिटे मुख्यतः तो कमी करण्यासाठीच आखलेली होती, आणि त्या टप्प्याच्या शेवटी उंची ७.४ किलोमीटरवर येणे अपेक्षित होते. पुढे १५० मीटरवर यान काही क्षण अधांतरी थांबून खालची जागा तपासते; हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला आकडे अडकल्यासारखे वाटतात आणि निवेदकाचा स्वर उगाच चढतो.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ च्या वेळी हेच पडदे पाहणाऱ्यांना आलेखावरचा हिरवा ठिपका आखलेल्या मार्गापासून बाजूला सरकताना दिसला होता. संपर्क तुटल्याची अधिकृत घोषणा त्यानंतर बऱ्याच वेळाने झाली.

मुलुंडची वाचक:
वृत्तवाहिन्यांना सरसकट दोष देणे मला पटत नाही. खगोल अभ्यासकांना स्टुडिओत बोलावून मराठीतून समजावून सांगण्याचे काम त्याही करतात, आणि घरातल्या आजी-आजोबांना इस्रोच्या इंग्रजी-हिंदी निवेदनापेक्षा ते जवळचे वाटते. (अभ्यासकांना वाक्य पूर्ण करू दिले, तर फारच उत्तम.) माझी तक्रार प्रक्षेपणाबद्दल आहे. धुराचा लोट विरला की वाहिनी स्टुडिओत परतते आणि अभिनंदन सुरू होते. चांद्रयान-३ मात्र उड्डाणानंतर सुमारे सोळा मिनिटांनी रॉकेटपासून वेगळे झाले, आणि तोवर प्रक्षेपण यशस्वी म्हणता येत नव्हते. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ हे रॉकेट व्यवस्थित उडाले, पहिले दोन टप्पेही सुरळीत पार पडले, पण तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन ईओएस-०९ हा उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. ज्यांनी पहिल्या दोन मिनिटांनंतर टीव्ही बंद केला असेल, ते यश मिळाले असे समजूनच कामाला लागले असतील. म्हणून मी दूरदर्शनवर किंवा यूट्यूबवर इस्रोचे मूळ प्रसारण शेवटपर्यंत पाहते आणि मराठी चर्चा नंतर ऐकते.

दादरकर:
दोघांचेही आभार. आणखी एक शंका आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान कक्षेत शिरताना पडद्यावर बराच वेळ काहीच हालचाल दिसत नव्हती. तेव्हा संपर्क तुटला होता का?

चेंबूरचा वाचक:
संपर्क थांबला होता, पण तो ठरल्याप्रमाणे. इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांतच यान मंगळाच्या आड गेले आणि इंजिन बंद होण्याची घटनाही तेथेच घडली. शिवाय त्या दिवशी मंगळावरून संदेश यायला सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. त्यामुळे यान कक्षेत शिरल्याची खात्री होण्यापूर्वीच ते प्रत्यक्षात शिरलेले होते, आणि नियंत्रण कक्षातील शास्त्रज्ञही आपल्याइतकीच वाट पाहत होते.