मदत हवी आहे: गच्चीच्या इन्सुलेशनची आर-व्हॅल्यू १० की १.७२?

अकोल्याला आमचं दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर आई-बाबा राहतात. १५० मिमी स्लॅब, वर साधा कोबा. मे महिन्यात रात्रीची जेवणं झाल्यावरही स्टुलावर चढून स्लॅबला तळहात लावला तर धग लागते, पंखा गरम हवाच फेकतो. बाबांना रक्तदाब आहे, त्यामुळे यंदा काम करून घ्यायचंच आहे.

तीन कोटेशनं आलीत. पहिल्यात नुसतं ‘आर-१०’. दुसऱ्यात ५० मिमी एक्सपीएस (कडक फोमची) शीट, के-व्हॅल्यू (माल उष्णता किती वाहून नेतो ते) ०.०२९, आर-व्हॅल्यू (थर उष्णता किती अडवतो ते) १.७२. तिसरा पांढरा कोट मारून देतो म्हणतो, ‘एसआरआय १०५, शीटइतकाच फरक पडेल’, आणि तो सगळ्यांत स्वस्त आहे. यांची तुलना करायची कशी? आई गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालते, म्हणजे वर वावर राहणारच.

प्रतिसाद:
पहिली दोन्ही कोटेशनं बहुधा एकच माल सांगताहेत. १० हा आकडा अमेरिकी मापाचा दिसतो, त्याला ५.६८ ने भागा, १.७६ येईल. आपल्याकडचा हिशोब सरळ आहे: जाडी मीटरमध्ये, भागिले के-व्हॅल्यू. ०.०५ भागिले ०.०२९ म्हणजे १.७२. पहिल्याकडून जाडी आणि के-व्हॅल्यू लेखी घ्या, नुसत्या ‘आर’वर पैसे देऊ नका.

यू-व्हॅल्यू म्हणजे छतातून उष्णता किती पार होते ते. ती आर-व्हॅल्यूच्या उलट, जितकी कमी तितकी चांगली. नुसत्या १५० मिमी स्लॅबची ३.३ च्या आसपास असते, कोब्यामुळे थोडी उतरते. इको निवास संहिता २०१८ मध्ये (घरांसाठीची ऊर्जाबचतीची सरकारी संहिता) छतासाठी कमाल १.२ धरली आहे. ही शीट घातली की तुम्ही ०.५ पर्यंत खाली याल.

एसआरआय ही वेगळीच गोष्ट. पृष्ठभाग ऊन किती परतवतो आणि तापलाच तर उष्णता किती सोडतो, एवढंच त्यातून कळतं. आर-व्हॅल्यूशी त्याची बरोबरी लावता येत नाही. पांढऱ्या कोटाने फरक नक्की पडतो, पण विदर्भातली धूळ बसली की गुण उतरतो, धुवत राहावं लागतं.

माझं मत: शीट स्लॅबच्या वरूनच घाला. खालून लावली तर स्लॅब दिवसभर तापतच राहतो. आधी वॉटरप्रूफिंग, मग एक्सपीएस, त्यावर जाळीचं काँक्रीट आणि पांढरी फरशी. वावर आहे म्हणून शीटची दाब सोसण्याची क्षमता विचारा, आणि वाढीव वजन इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका. सध्या गच्चीवर पाणी कुठे साचतं का, तेही लिहा. त्यावर उताराचं ठरवता येईल.