फोरट्रान आणि जीडीएएलवर अवलंबून असलेले संशोधनाचे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांच्या संगणकांवर कसे पोहोचवावे?

प्रश्न : भूजलवेध

नमस्कार. पावसाच्या नोंदी आणि भूभागाच्या उंचीचे रास्टर (चौकटीगणिक मूल्ये साठवणारा नकाशा) यांवरून भूजल पुनर्भरणाचा अंदाज काढणारे एक पायथन सॉफ्टवेअर आमच्या विभागात तयार झाले आहे. त्यातील आकडेमोडीचा गाभा जुन्या फोरट्रानमध्ये असून तो एफटूपायने जोडलेला आहे, आणि रास्टर वाचण्यासाठी जीडीएएल ही नकाशाविषयक लायब्ररी लागते. लिनक्सवर सारे सुरळीत चालते. प्रयोगशाळेत मात्र विंडोज आहे, विद्यार्थ्यांच्या खात्यांना अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत आणि सर्वांनी एकदम डाउनलोड सुरू केले की तास संपतो, इन्स्टॉलेशन संपत नाही. पिपकडे (पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन) जीडीएएल मागितले तर सोर्स कोड उतरतो आणि कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) सापडत नसल्याची त्रुटी येते. पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधण्याची जुनी व्यवस्था) काढून टाकल्यामुळे आमची सेटअप फाइलही आता निरुपयोगी झाली आहे. इन्स्टॉलेशनचे लांबलचक सूचनापत्र आम्ही देतो. ते अधिक सोपे करावे, की मार्गच बदलावा?

उत्तर : संकलक

मार्गच बदलावा. वापरणाऱ्याला कंपायलर शोधायला लावणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून त्याच्या हाती जाते देण्यासारखे आहे. कंपायलेशन एकदाच, आपल्या बाजूला व्हावे आणि पुढे तयार बायनरी जावी.

प्रथम बिल्डची व्यवस्था मेसन-पायथनवर न्यावी. सायपाय या वैज्ञानिक आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीने २०२२ मध्ये, १.९ या आवृत्तीपासून, हाच बदल केला, आणि सायपायमध्येही फोरट्रानचा मोठा भाग होता. त्यामुळे वाट मळलेली आहे. त्यानंतर सीआयबिल्डव्हील वापरून विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींसाठी व्हील (थेट बसवता येणारी तयार पॅकेजेस) बनवावीत. कोड सार्वजनिक असेल तर हे काम गिटहब अ‍ॅक्शन्सवर (गिटहबवर बिल्ड आपोआप चालवणारी सेवा) विनामूल्य होते. विंडोजवर जीफोरट्रान या कंपायलरच्या, प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या डीएलएल फाइल व्हीलमध्ये भरण्यासाठी डेल्व्हव्हील आहे. ती पायरी राहिली तर व्हील तुमच्या संगणकावर चालेल आणि इतर कोठेही चालणार नाही, म्हणून चाचणी नेहमी कोऱ्या विंडोजवर घ्यावी.

जीडीएएलचा गुंता वेगळा आहे. पायपीआयवर (पिप जेथून पॅकेजेस घेते तो साठा) त्याचे केवळ सोर्स पॅकेज असते, आणि ते बांधण्यासाठी संगणकावर त्याच आवृत्तीची मूळ सी++ लायब्ररी आधीच असावी लागते. आपले काम जर रास्टर वाचण्यापुरतेच असेल, तर जीडीएएलला थेट हाक न मारता रास्टेरिओ हे पॅकेज वापरावे, कारण त्याच्या व्हीलमध्ये जीडीएएल भरलेलेच असते. मात्र फिओनासारखे दुसरे पॅकेज स्वतःची वेगळी प्रत घेऊन येते, आणि एकाच प्रोग्रॅममध्ये जीडीएएलच्या दोन प्रती आल्या की कारण न सांगता पडणारे प्रोग्रॅम पाहावे लागतात. अशी दोन-तीन पॅकेजेस एकत्र लागत असतील, तर कोंडा-फोर्ज (कोंडा या पॅकेज बसवणाऱ्या साधनासाठी समुदायाने चालवलेला साठा) अधिक भरवशाचे आहे. तेथे जीडीएएलची एकच प्रत सर्वांना पुरते. रेसिपी (पॅकेज कसे बांधावे हे सांगणारी फाइल) लिहून ती स्टेज्ड-रेसिपीज या रिपॉझिटरीत पाठवावी लागते. स्वीकारली गेल्यावर नव्या आवृत्त्यांचा बराचसा भार तेथील बॉट उचलतात.

उत्तर : प्रयोगशाळा सहायक

वरील सल्ला योग्य आहे, परंतु त्याने संथ इंटरनेटचा प्रश्न सुटत नाही. पॅकेज कोंडा-फोर्जवर आले की कन्स्ट्रक्टर हे साधन वापरून पायथन, रास्टेरिओ आणि आपले सॉफ्टवेअर एकत्र असलेली एकच एक्झी फाइल बनवता येते. ती पेनड्राइव्हवरून किंवा लॅनवरून फिरवावी. इन्स्टॉल करताना इंटरनेट लागत नाही, आणि ‘फक्त माझ्यासाठी’ हा पर्याय निवडल्यास अ‍ॅडमिनची परवानगीही लागत नाही.

एक गोष्ट आमच्याकडे वारंवार आडवी येते. विंडोजमधील वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असेल किंवा त्यात मोकळी जागा असेल, तर होम फोल्डरच्या पाथमुळे काही पॅकेजेस बिघडतात. इन्स्टॉलरमध्येच रोमन अक्षरांतला, छोटा आणि सलग पाथ ठरवून द्यावा. पायाभूत वितरण म्हणून मिनीफोर्ज घ्यावे. अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या मूळ चॅनेलच्या (पॅकेजेसच्या साठ्याच्या) अटी २०२० पासून मोठ्या संस्थांसाठी बदलल्या आहेत. मिनीफोर्ज मुळातच कोंडा-फोर्जवरून पॅकेजेस घेत असल्याने तो वाद उद्भवत नाही.

उत्तर : नकाशाकार

येथे दोन वेगळ्या गरजा एकत्र झाल्या आहेत, असे वाटते. पहिल्या तासाला आलेल्या विद्यार्थ्याला काहीही इन्स्टॉल करायला का सांगावे? विभागात एखादा बरा लिनक्स सर्व्हर असेल, तर त्यावर ‘द लिटलेस्ट ज्युपिटरहब’ (एका सर्व्हरवरून अनेकांना ब्राउझरमध्ये कोड चालवू देणारी व्यवस्था) बसवावे. विद्यार्थी लॅनवरून ब्राउझर उघडतील आणि थेट नोटबुकपाशी पोहोचतील. ब्राउझरमध्येच चालणाऱ्या ज्युपिटरलाइटमध्ये सर्व्हरही लागत नाही, परंतु तेथे आपले फोरट्रान वेबअसेंब्लीत (ब्राउझरला चालवता येणारे कोडचे रूप) कंपाइल करावे लागेल, आणि त्या फंदात सध्या पडू नये. ज्यांना पुढे प्रबंधासाठी हे वापरायचे आहे त्यांच्यासाठी मात्र इन्स्टॉलर हवाच.

भूजलवेध

सर्वांचे आभार. आमचे काम रास्टर वाचण्यापुरतेच असल्याने प्रथम रास्टेरिओकडे वळतो, आणि पुढील सत्रासाठी ज्युपिटरहबची विनंती विभागप्रमुखांकडे देतो. प्रबंधाचे निकाल तीन वर्षांनी पुन्हा काढायचे झाले, तर एन्व्हायर्नमेंटची वायएमएल फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) पुरेशी होईल का?

संकलक

पुरणार नाही. त्या फाइलमध्ये सहसा वरवरच्या पॅकेजेसचीच नावे असतात. त्यांच्याखालील लायब्ररी त्या दिवशी उपलब्ध असतील त्या येतात. कोंडा-लॉक या साधनाने प्रत्येक पॅकेजची नेमकी बिल्ड आणि हॅश (फाइलची ओळख पटवणारी खूण) नोंदवून ती फाइल प्रबंधाच्या कोडसोबत ठेवावी, आणि कन्स्ट्रक्टरने बनवलेला इन्स्टॉलरही विदासोबत जपावा.