'डच करेज'ला मराठीत काय म्हणाल?

मी सबटायटल्सची कामं करते. सध्या एका इंग्रजी मालिकेतल्या एका ओळीवर गाडी अडली आहे. पोरगा इंग्रज, मुलीला मागणी घालायला तिच्या घरी आलेला. दाराबाहेर उभा राहून कोटाच्या खिशातून चपटी काढतो, जिनचे दोन घोट घशाखाली ढकलतो आणि बरोबरच्या मित्राला डोळा मारून म्हणतो, 'डच करेज!' तेवढ्यात दार उघडतं. दारात मुलीचा बाप, आणि बाप अस्सल अ‍ॅमस्टरडॅमचा. त्याचं तोंड आंबट होतं.

'पिऊन आलेली हिंमत' लिहिलं तर अर्थ पोचतो, पण बापाचं तोंड का वाकडं झालं ते कळत नाही. 'डच हिंमत' लिहिलं तर काहीच कळत नाही. तळटीप देता येत नाही, ओळीत चाळीसेक अक्षरं मावतात. सुचवा.

जोडप्रश्न: एखाद्या देशाला किंवा प्रांताला दारुडा ठरवणारा वाक्प्रचार मराठीत आहे का? मला तरी आठवत नाही.

—

'उसनं अवसान'. दारू दाखवायचीच असेल तर 'बाटलीतलं अवसान'. विषय संपला.

—

इतक्यात कसा संपेल! 'अवसान' शब्द बघा. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. मराठीत अंगातलं बळ, हिय्या. म्हणजे पिणाऱ्याला रात्री मराठी अवसान येतं आणि सकाळी संस्कृत.

दुसरा पर्याय मापातून काढता येईल. 'नवटाक' म्हणजे शेराचा आठवा भाग, पावशेराच्या निम्मा. किलो-लिटर आल्यावर वाण्याच्या दुकानातून शेर गेला, पण गुत्त्यात टिकला. 'पावशेर मारून आलाय', 'नवटाक टाकलीय' हे म्हणणाऱ्या कित्येकांनी शेराचं माप डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. तेव्हा 'नवटाकभर हिंमत' कसं वाटतं? पोराची ऐपतही कळते.

—

'नवटाकभर हिंमत' झकास आहे, पण त्यात डच कुठे? बापाचं तोंड आंबट व्हायला शिवी त्याला लागायला हवी ना. त्यासाठी ती मुळात कुठून आली ते बघू.

इंग्रज आणि डच १६५२ ते १६७४ या काळात तीनदा लढले, मुख्यतः समुद्रावरच्या व्यापारासाठी. त्या वैराचा गाळ इंग्रजीत साचला. पिता-पिता ठरलेला सौदा तो 'डच बार्गेन', पिऊन आलेलं शौर्य ते 'डच करेज'. डच शिपाई लढाईआधी येनेव्हर प्यायचे आणि ते इंग्रज शिपायांनी पाहिलं, अशी एक गोष्टही सांगतात. येनेव्हर म्हणजे ज्युनिपरची फळं घालून केलेली दारू. गंमत अशी की 'जिन' हा इंग्रजी शब्द त्या येनेव्हरचाच आखूड अवतार, आणि अठराव्या शतकात त्या जिनपायी अख्खं लंडन असं झिंगलं की तिला आवरायला १७३६ साली आणि पुन्हा १७५१ साली कायदे करावे लागले. नाव मात्र अजून डचांचंच खराब.

फ्रेंच लोक तर्र झालेल्याला 'पोलंडवाल्यासारखा प्यालेला' म्हणतात. १८०८ साली स्पेनमध्ये सोमोसिएराच्या खिंडीत नेपोलियनच्या पोलिश घोडेस्वारांनी तोफांवर थेट चाल केली. ते प्यालेले होते असं कुणी कुजबुजलं, तेव्हा 'मग तुम्हीही त्यांच्यासारखे प्या' असं सम्राट म्हणाला, अशी दंतकथा आहे. म्हणजे दंतकथा खरी धरली तर ही शिवी मुळात शाबासकी होती! एकट्यानं, कुणाला न विचारता पिणं याला फ्रेंच 'स्विसासारखं पिणं' म्हणतात. स्पॅनिशमध्ये बेसुमार पिणारा 'कोसाकासारखा' पितो, म्हणजे रशिया-युक्रेनकडच्या घोडेस्वारांसारखा.

आता ही नावं एका ओळीत ठेवा: डच, पोलिश, स्विस, कोसाक. सगळे शिपाई. कुणी शत्रूचे, कुणी पगारी. सामान्य फ्रेंच माणूस पोलंडला कधी गेला नव्हता, त्यानं पोलिश पाहिला तो छावणीत, आणि छावणीत कुठल्या देशाचा माणूस शुद्धीत असतो? म्हणून या वाक्प्रचारांवरून कोण किती पितं ते ठरत नाही. कोण कुणाच्या शेजारी तळ ठोकून होतं, तेवढं कळतं.

खुद्द पोलंडमध्ये तर्र माणूस 'मोच्यासारखा प्यालेला' असतो. रशियातही मोचीच. घरच्या घरी दोष द्यायचा तर परदेशी कुठून आणणार, मग गरिबाचा धंदा सापडतो.

—

सगळं खरं, पण रशियन पितात हे नाकारणार का?

—

पितात, पण आकडा कुठे स्थिर आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २००३ ते २०१६ या काळात रशियातलं दरडोई मद्यसेवन ४३ टक्क्यांनी उतरलं. विनोदातला रशियन अजून तितकीच पितोय. आणि दारूबंदी म्हटली की आपल्याला अमेरिका आठवते, १९२०ची. झारनं व्होडका बंद केली होती १९१४ सालीच.

—

डब्लिनमध्ये नऊ वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. आयरिश माणूस म्हणजे बेवडा, हे मी पुण्याहून शिकून गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातला शेजारी भेटला. पन्नाशीचा, कोटाच्या कॉलरवर छोटीशी पिन, तिच्यावर येशूचं हृदय. मला वाटलं धार्मिक असेल. ती 'पायोनियर'ची खूण निघाली. १८९८ साली सुरू झालेली ही संघटना, सभासद जन्मभर दारूला शिवत नाहीत. गडी पबमध्ये आमच्याबरोबर यायचा, संत्र्याचा रस घेऊन बसायचा आणि त्याची पाळी आली की सगळ्यांच्या बिअरचे पैसे द्यायचा. गुड फ्रायडेला तिथले पब २०१८पर्यंत कायद्यानं बंद असत. म्हणजे ड्राय डेच की! आदल्या दिवशीची रांग बघून मला थेट सदाशिव पेठ आठवली.

एक मात्र कबूल. प्रत्येकानं आळीपाळीनं सगळ्यांना पाजायचं, या 'राउंड'च्या रिवाजातून सुटका नाही. चौघं बसलात की चार होणारच. आपलं 'टीटीएमएम' तिथे काढलं असतं तर वाळीत पडलो असतो.

—

'टीटीएमएम'ची आठवण काढलीत ते बरं केलंत! इंग्रजाला 'ज्याचे त्यानं द्यायचे' हे सांगायलासुद्धा डच लागतो ('गो डच'), आपण 'तुझं तू, माझं मी' म्हणून मोकळे.

मूळ जोडप्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. मराठीनं पिणाऱ्याला देश दिला नाही, व्यक्तिनाम दिलं. 'तळीराम' हे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तलं पात्र. १९१९ साली नाटक रंगभूमीवर आलं आणि तळीरामाचं सामान्यनाम झालं. आज ३१ डिसेंबरच्या बातमीत 'तळीरामांवर कारवाई' लिहिणाऱ्या वार्ताहरानं नाटक वाचलेलं असायची गरज नाही.

देशाचं नाव आपण चिकटवलं ते बाटलीला. 'देशी' आणि 'इंग्लिश'. सरकारी भाषेत तर कहर: 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'. हे वाक्य शांतपणे दोनदा वाचा. साखर कारखान्याच्या मळीतून निघालेलं स्पिरिट, पाणी इथलं, बाटली इथली, पिणारा इथला, तरी ती विदेशी. बहुतेक युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणूच देत नाहीत, धान्याचीच लागते. 'इंग्लिश' हा प्रतिष्ठेचा शब्द झाला. कट्ट्यावर विचारतात, 'देशी घेतो का इंग्लिश?' त्या उत्तरावरून माणसाची पायरी ठरते, राष्ट्र नाही. आणि ही इंग्लिश मिळते 'वाईन शॉप'मध्ये, जिथे वाईन सोडून सगळ्याला गिऱ्हाईक असतं.

'दारू' शब्दच बघा ना. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्याकडे पिण्याचा परवाना काढला तर तो कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठीच असतो. फारसी अर्थ शाबूत ठेवलाय तो उत्पादन शुल्क खात्यानं.

—

बाटलीला देश दिला म्हणता, त्यात आमच्या सीमेवरचा नमुना घाला. मी सिंधुदुर्गातला. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी पकडली की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य: 'गोवा बनावटीची दारू जप्त'. गोवा काय परदेश आहे? करापुरता आहे.

आणि प्रांताला दारुडा ठरवायची खोड हिंदी सिनेमानं भरपूर भागवली. पडद्यावर गोव्याचा ख्रिश्चन आला की हातात बाटली आलीच. माझे गोव्याकडचे नातेवाईक या गोष्टीनं खरंच चिडतात. त्यांच्याकडे पिण्याला हंगाम असतो हे बाहेरच्याला माहीत नसतं. काजूच्या बोंडांचा रस भट्टीवर चढला की पहिली निघते ती उर्राक, सौम्य, मार्च-एप्रिलपुरतीच. ती पुन्हा ऊर्ध्वपातन केली की फेणी. आत्याच्या घरी उर्राक उंच ग्लासात येते, लिंबू, मीठ, सोडा आणि मधोमध चिरलेली एक हिरवी मिरची. एक ग्लास, मग जेवण, मग झोप.

तर आता ताईंचं काम. डचांना 'डच' म्हणायची गरजच काय? आपला जुना शब्द आहे, वलंदेज. पोर्तुगीज 'ओलांदेझ'वरून आलेला. वेंगुर्ल्याला त्यांच्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या, म्हणजे युरोपियनांच्या, यादीत फिरंगी, इंग्रज, फरासीस यांच्या जोडीला वलंदेज आहेत, आणि डिंगमारही, म्हणजे डेन्मार्कवाले. अमात्यांनी या लोकांवर आरोप केला तो जमिनीच्या लोभाचा आणि हट्टीपणाचा, हाती आलेली जागा मेले तरी सोडणार नाहीत म्हणून. त्यांच्या पिण्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणून 'वलंदेजी अवसान' लिहिलंत तर शब्द शिवकालीन आणि शिवी कोरी करकरीत.

—

वलंदेज सुंदर आहे, पण ओटीटी बघणाऱ्या किती जणांना कळेल?

—

सगळ्यांचे आभार. वलंदेज मोहात पाडतो, पण संपादक मारेल. बापाच्या घराच्या भिंतीवर पवनचक्कीचं चित्र आहे आणि आधीच्या प्रसंगात तो डच असल्याचं दोनदा येऊन गेलंय, म्हणून शेवटी हे पाठवलं:

'दोन घोट, की आलं डचांचं अवसान!'

त्यावर दार उघडल्यावर बाप म्हणतो ते मूळ वाक्य साधं आहे, 'आत या.' ते मी 'या, डचांकडे या' केलं. मंजूर होतं का बघू.

—

'उसनं अवसान' मी पहिल्यांदा सुचवलं होतं. नोंद असावी.